बारागाड्यांमागची गाडी

"उतर रे नवल, चढ उना!"

आईचा, भिकुबाईंचा, हा आवाज नवलभाऊ बोरसेंच्या कानात लहानपणीच मुक्कामाला आला होता आणि त्याने जागा काही सोडली नव्हती. वडिलांची मोपेड, तिच्या गळ्यात भाजीची पिशवी, मध्ये नवल, मागे एका अंगाला बसलेली आई आणि आईच्या मांडीवर धाकटी. सपाटीला ती मोपेड गाणं म्हणायची. लळिंगचा घाट दिसला की आधी तिचा सूर जायचा, मग घसा बसायचा आणि मग आईचा हा हुकूम सुटायचा. मायलेकरं उतरून उन्हात चालू लागायची. वडील पायडल मारत, मोपेडची समजूत काढत पुढे. शेजारून एसटी जायची आणि खिडकीतली माणसं हात हलवायची. त्या हातांत माया होती की मजा, हे नवलभाऊंना पन्नाशी आली तरी ठरवता आलं नव्हतं. एक मात्र त्यांनी ठरवलं होतं. आयुष्यात असं एक वाहन घ्यायचं, की ज्यातून चढावर कुणाला उतरावं लागणार नाही.

आता धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या माणसाने गाडी घ्यायची ठरवली, की ती त्याची एकट्याची राहत नाही. खालच्या मजल्यावरचे चुडामण नाना, सेवानिवृत्त आणि सल्ल्यात मात्र अजून कायम नोकरीत, रोज संध्याकाळी जिना चढून यायचे.

"नवलभाऊ, ॲव्हरेज पाहा. बाकी सगळं बाईच्या दागिन्यांसारखं, दिसायला."

"नाना, मला ओढ पाहिजे. चढावर दमणारी नको."

"धुळ्यात चढ आहे कुठे? पाचकंदिलापासून देवपुरापर्यंत एक पांझरेचा पूल. त्यावर तर बैलही झोपेत जातो."

पण नवलभाऊंच्या मनात जो घाट होता, तो नकाशावर थोडाच होता! त्यांनी घेतली सात माणसांची गाडी. दिसायला अगदी सोज्वळ. दुधी रंग, गुबगुबीत गाल, मागे सरकणारी दारं. सोयरीक पाहायला जाताना न्यावी अशी. शोरूमच्या पोराने "सर, ही फॅमिली गाडी आहे, पण टर्बो आहे" असं सांगितलं होतं. नवलभाऊंनी त्यातलं 'फॅमिली' तेवढं ऐकलं. 'पण' या शब्दाकडे माणसाने कधीही दुर्लक्ष करू नये, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. सोसायटीच्या फाटकातून निघताना त्यांनी पायाचा नुसता अंगठा टेकवला आणि गाडीने चेअरमनच्या शेवंतीच्या कुंड्या ओलांडून थेट रस्त्यावर उडी घेतली. वॉचमन खुर्ची सोडून पळाला. खुर्ची मात्र जागची हलली नाही, म्हणून वाचला तो वॉचमन आणि गेली ती खुर्ची.

मग ते बायकोला, सुलक्षणाताईंना, घेऊन लळिंगला गेले. गाडी घाट अशी चढली, जसं एखादं पोर आजीच्या मांडीवर चढतं. कुठे धाप नाही, कुठे कुरकुर नाही. माथ्यावर नवलभाऊंनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून उभे राहिले.

"काय झालं? तापली का?" सुलक्षणाताईंनी विचारलं.

"नाही. उगाच."

खाली घाटाचा रस्ता उन्हात वाळत घातलेल्या धोतरासारखा पडला होता. सुलक्षणाताईंनी पुढे काही विचारलं नाही. बायको कधी कधी हे जाणते, आणि त्या दिवसाचं तेवढंच सौख्य.

इथे थांबले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्या आठवड्यात सोसायटीचा पाण्याचा टँकर गटाराच्या खड्ड्यात बसला. वर बादल्या घेतलेल्या बायका, खाली चेअरमन, मध्ये टँकरचा चालक कपाळाला हात लावून. नवलभाऊंनी दोर बांधला, सोज्वळ गाडी सुरू केली आणि भरलेला टँकर खड्ड्यातून असा काढला, जसा तुपातून केस. बायकांनी बादल्या वाजवल्या. तिथून नवलभाऊंच्या दुधी गाडीचा बैल झाला. रविवारी कुणाचा ट्रॅक्टर, सोमवारी कुणाची बोअरवेलची लॉरी. एकदा तर वरातीचा रथ घोड्यांसकट. सोसायटीने तातडीची सभा बोलावली. विषय एकच: हे वाहन कौटुंबिक समजावे की अवजड? फाटकावर 'अवजड वाहनांस प्रवेश बंद' अशी पाटी होती आणि चेअरमनच्या शेवंतीचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. अखेर ठराव झाला, की गाडी उभी असताना कौटुंबिक व चालू असताना अवजड समजण्यात यावी. नवलभाऊंना हा अपमान फार लागला. दोन दिवस त्यांनी गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली आणि मग चालू केली.

चुडामण नाना म्हणाले, "तुमची गाडी म्हणजे पाहिली तर मास्तरची, ऐकली तर आमदाराची."

ही कीर्ती पारोळ्यावरून भडगावला आणि तिथून गिरणाकाठच्या नांदरखेड्यात, म्हणजे नवलभाऊंच्या सासुरवाडीला पोचली. आणि एका दुपारी सासऱ्यांचा, लोटन आबांचा फोन आला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आबांनी जावयाला स्वतः केलेला हा पहिला फोन. नवलभाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले.

"जावाईबापू, तुमनी गाडी टँकर ओढस म्हने?"

"हो, आबा."

"रिकामं का भरेल?"

"भरलेला, आबा."

मग, "आखाजीले लई या."

"येतो ना. सगळे येतो."

"गाडी लई या, म्हनस मी. तुम्ही बी या." म्हणजे घेऊन यायची होती ती गाडी; जावई बरोबर आला तरी चालणार होता.

लोटन आबा नांदरखेड्याचे भगत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात खंडेरावाची यात्रा भरते आणि बारागाड्या ओढल्या जातात. बारा बैलगाड्या एकामागे एक लाकडी दांड्यांनी आवळून बांधायच्या, बैल एकही नाही, गाड्यांत माणसं खच्चून भरलेली, आणि पुढे कमरेला दोर बांधलेला एकटा भगत. हळद उधळते, गाव गर्जना करतं आणि भगत ती सगळी रांग देवळापर्यंत ओढत नेतो. आबा हे तरुणपणापासून करत आले होते. त्यांचा दंड पाहिला, की जुन्या निंबाचं खोड आठवावं. लग्नात नवलभाऊंच्या हातात नारळ देताना त्यांनी जावयाचा दंड दाबून पाहिला होता आणि बायकोकडे वळून इतकंच म्हणाले होते, "शिकेल शे." म्हणजे शिकलेला आहे; त्यात सगळं आलं.

आखाजीच्या दोन दिवस आधी बोरसे कुटुंब नांदरखेड्यात उतरलं. सासूबाई लताबाई खापरावर पुरणपोळ्या टाकत होत्या. एकेक पोळी हातावर मोठी होत होती, चांदणं पसरावं तशी. निंबाला झोका बांधलेला. माहेरी आलेल्या पोरी त्यावर उभ्या राहून म्हणत होत्या:

"झोका गया वर, वर दखास माहेर,
झोका उना खाले, खाले मायना पदर..."

सुलक्षणाताईंनी ते ऐकलं आणि गाडीतली बॅग तशीच सोडून झोक्याकडे गेल्या. नवलभाऊंकडे आबांनी नुसतं मानेने खुणावलं: गोठ्यात चला.

गोठ्यापर्यंतच्या त्या पन्नासेक पावलांत नवलभाऊंनी पाहिलं. आबा उंबऱ्याशी थांबले, चौकट धरली, मग उजवा पाय आधी हाताने उचलल्यासारखा केला आणि मग टाकला. नवलभाऊंनी झटकन म्हशीकडे पाहिलं. म्हशीनेही दुसरीकडे पाहिलं.

"औंदा गाड्या जड व्हई गयात," आबा म्हणाले.

"जड? म्हणजे कशा?"

"लोके खाईखाई जाड व्हयनात. पहिले गाडामा जो बसे, तो उपाशी ऱ्हाये. आते बठ्ठा भरेल पोटे. आन् आसले वंगन घालाले कोनी तयार नही. रस्ता बी वर उचली दिधा पंचायतनी."

लोकांची वजनं, वंगण, पंचायतीचा रस्ता, हे सगळं दोषी ठरलं. गुडघ्याचं नाव निघालं नाही. नवलभाऊ ऐकत राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं, की ह्या डोंगराएवढ्या माणसाला एक वाक्य बोलता येत नाहीये. परवा अख्ख्या गावासमोर गाड्या देवळाअलीकडे थांबल्या, तर हा माणूस उरलेलं आयुष्य ओट्यावर बसणार नाही.

"आबा, धनसिंगला पुढे घ्या ना या वर्षी," ते हळूच म्हणाले. धनसिंग म्हणजे आबांचा पुतण्या. तिशीचा गडी, छाती दाराच्या फळीएवढी. लहानपणापासून काकाच्या त्या दोराकडे पाहत मोठा झालेला. भगताला दोन्ही बाजूंनी धरून चालणारे असतात ना, ते बगले, त्यांतही आबांनी त्याला कधी घेतलं नव्हतं. त्याला काम दिलेलं मागचं: शेवटच्या गाडीमागे राहून गर्दी आवरायची.

"त्यामा आजून दम नही," आबा म्हणाले. आणि मग आवाज पाडून, "तुमनी गाडी शेवटना गाडामांगे लावानी. पाला बांधी देवाना. कोनले समजाव नही."

नवलभाऊ हादरले. पण जो माणूस आयुष्यात पहिल्यांदा काही मागतो आहे, आणि तेही 'शिकेल शे' म्हणून सोडून दिलेल्या जावयाकडे, त्याला नाही कसं म्हणणार? शिवाय, खरं सांगायचं तर, कुठेतरी छाती फुगलीही होती. टँकर ओढला, बोअरवेल ओढली, आता साक्षात बारागाड्या!

अडचण निघाली ती यात्रा समितीत. समितीचे अध्यक्ष पितांबर भाऊ नियमाला फार पक्के. बोलतानाही स्वल्पविराम चुकवायचे नाहीत.

"परवानगी बारा गाड्यांची आहे, आबा. तेरावी कुठे दाखवू? आणि इंजिनची गाडी मिरवणुकीत चालत नाही. ठाण्याहून साहेब येणार आहेत."

"ती गाडी नही," आबा म्हणाले. "जावाई शे."

पितांबर भाऊंनी आभाळाकडे पाहिलं, मग समितीकडे. आखाजीच्या दिवशी जावयाच्या मानाला कुठल्या खात्याची परवानगी लागते, हे कुणालाच सांगता येईना. "जावयाचा मान म्हणून मागे चालेल तर हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त हॉर्न नको."

आखाजीच्या दिवशी नवलभाऊंच्या सोज्वळ गाडीला निंबाचा पाला, आंब्याचे डहाळे आणि केळीचे दोन अख्खे खुंट बांधण्यात आले. समोरच्या काचेतून दिसायला वीतभर फट राहिली. नंबरप्लेटवर झेंडूची माळ आली. गाडी गाडी राहिली नाही, चालतं बन झालं. बाराव्या गाडीच्या पाठीशी बंपर टेकवून मध्ये कापसाने भरलेलं गोणपाट ठेवायचं होतं. नवलभाऊ घामाघूम होऊन ते बसवत होते, तोच पाठीशी सावली पडली. धनसिंग.

त्याने गोणपाटाकडे पाहिलं. बंपरकडे पाहिलं. नवलभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. धनसिंगने वाकून गोणपाट थोडं डावीकडे सरकवलं, नीट दाबून बसवलं आणि म्हणाला, "दाजी, गेर पहिलाच ठेवा. दुसरा टाकू नका." आणि गर्दी आवरायला निघून गेला.

ऊन असं, की सावलीही झाडाला चिकटून बसलेली. तरी अख्खं नांदरखेडं रस्त्याच्या दोन्ही कडांना. गाड्या भरल्या. जागा मिळेना म्हणून पाच-सहा जण नवलभाऊंच्या टपावर चढून बसले. आत नवलभाऊ, शेजारी सुलक्षणाताई, आणि मागच्या दाराच्या फटीतून डोकं काढलेली लेक ऋतिका. पुढचं तिला दिसत होतं, म्हणून खुणेचं काम तिचं.

"आबांनी देवाला हात जोडले, पप्पा. हळद उधळली. सोडा आता!"

नवलभाऊंनी पहिला गियर टाकला. गाडी गुरगुरली. गोणपाट दबलं. गाड्यांच्या चाकांनी एक लांब कण्हणं काढलं, आणि रांग हलली. गाव गर्जलं. पुढे कमरेचा दोर ताणून आबा एकेक पाऊल टाकत होते आणि प्रत्येक पावलामागे बारा गाड्या आज्ञेतल्या सुनांसारख्या येत होत्या.

"छान चाललंय," खिडकीच्या पाल्यातून डोकं बाहेर काढून सुलक्षणाताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अहो, आबा ताठ चालतायत."

इथे नवलभाऊंचं भान सुटलं. सासऱ्याचं ताठ चालणं, बायकोचे ओले डोळे, टपावरचा जयघोष. माणूस जरा सुखावला, की हात सवयीने वागतो. पहिल्या गियरमध्ये इंजिन ओरडायला लागलं, की सभ्य चालक दुसरा टाकतो. नवलभाऊंनी दुसरा टाकला.

टर्बो म्हणजे काय, हे नांदरखेड्याला त्या क्षणी कळलं.

आधी एक शीळ ऐकू आली, मग केळीचे खुंट आडवे झाले, आणि बारा गाड्यांची रांग अशी सुटली, जशी शाळा सुटते. दोर सैल पडला. आबांना पाठीशी जू लागलं. त्यांनी एकदा मागे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते फक्त खंडेरावाने पाहिलं असेल. आणि लोटन आबा, ज्यांना गोठ्याचा उंबरा ओलांडायला चौकट लागत होती, ते धोतराचा सोगा धरून पळत सुटले!

"पप्पा, आबा पळतायत! पप्पा, हळू!"

"काय म्हणते?"

"अहो, ब्रेक!"

बगले दोन्ही बाजूंना उडून लोकांच्या मांडीवर पडले. देऊळ आलं, देऊळ गेलं. पुजाऱ्याने ओवाळायला उचललेली आरती तशीच वाऱ्याला ओवाळली. पितांबर भाऊ हात आडवा करून मध्ये उभे राहिले आणि अत्यंत नियमाने बाजूला झाले. शाळा गेली, पाण्याची टाकी गेली, आणि अखेर गिरणेच्या कोरड्या पात्रात वाळू आली. चाकं रुतली, गाड्यांतली माणसं एकमेकांच्या पदरात पडली आणि सगळं थांबलं. पुढे गुडघाभर वाळूत, अंगभर हळद, छाती भात्यासारखी, असे आबा उभे. आणि जो कल्लोळ उठला, तो म्हणे भडगावच्या बाजारात ऐकू गेला. भगत बारागाड्या घेऊन पळाला! देव अंगात आला! इतकी वर्षं ओढल्या, आज पळवल्या!

आबांना खांद्यावर घेऊन मिरवत नेलं. नवलभाऊंची गाडी वाळूत टेकली होती. तिला बाहेर काढायला अखेर बैलांच्या दोन जोड्या आणाव्या लागल्या. एकाही माणसाने गाडीला नमस्कार केला नाही. नवलभाऊंनी आरशावरून निंबाचा पाला काढला आणि मुकाट्याने वाळू झटकली. कीर्ती सासऱ्याची आणि क्लच जावयाचा. असो.

संध्याकाळी आबांच्या ओट्यावर गाव बसलं. पोरांच्या हातात फोन, फोनमध्ये पळणारे आबा. शेजारच्या गावांची माणसं आली होती. आमच्याकडेही या, आमचाही खंडेराव जागृत आहे. लताबाई आत कढईत तेल कोमट करत होत्या, आणि ते कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. आबा मध्ये बसलेले, पाय लांब पसरून. लोकांना वाटलं, ऐटीत बसलेत. नवलभाऊंना दिसत होतं, की तो पाय आता वाकतच नाहीये.

पितांबर भाऊंनी नारळ पुढे केला. पुढच्या वर्षीच्या मानाचा. "आबा, समितीनी ठरवेल शे, फुडला साल आठरा गाड्या," ते आज चक्क अहिराणीत बोलत होते, इतके हर्षभरित. "ही ताकद बारामा मावस नही."

आबांनी नारळ हातात घेतला. तो फिरवून पाहिला. मग त्यांची नजर गर्दीवरून फिरत नवलभाऊंवर आली. नवलभाऊंनी मान हलवली, की मी बोलणार नाही, आबा, काळजी करू नका. आणि का कोण जाणे, नेमकं त्या मान हलवण्यानेच म्हाताऱ्याच्या तोंडाचं कुलूप उघडलं.

"थांबा," आबा म्हणाले. "मी आज गाड्या पयाड्यात नहीत. मांगून जावाईनी गाडी ढकली ऱ्हायंती. मी जीव वाचाडाले पयनू." आबांनी गुडघ्यावर हात ठेवला. "मना गुडघा गया. दोन-तीन सालफाईन गया. बोलाले तोंड व्हयनं नही."

नवलभाऊंनी डोळे मिटले. आता गाव काय म्हणेल? पितांबर भाऊ खाकरले.

"आबा, ते आम्हले ठावं शे."

"गाडीनं?"

"गाडीनं बी आन् गुडघानं बी. गाडीले पाला बांधा म्हनीसन ती काय झाड व्हयनी का? आबा, दोन-तीन सालफाईन आम्हीच मांगून ढकलतस. औंदा गाडी व्हती, म्हनीसन जरा बसाले भेटनं. आठरा बी ढकलसूत, मान तुमनाच."

एक हसू फुटलं, मग दुसरं, आणि मग सगळा ओटा हसायला लागला. आत लताबाईंच्या हातातलं झाकण पडलं.

"कोन? कोन ढकलस मांगून?"

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. खांबाला टेकून धनसिंग उभा होता, गर्दी आवरणारा. तो पायाच्या नखाने माती उकरू लागला.

"मीच, काका. पोरे बी व्हतात. रागे भरू नका."

आबा उठायला गेले. पाय उठेना. नवलभाऊ पुढे झाले, पण आबांनी हाताने थांबवलं आणि धनसिंगला जवळ बोलावलं. तो आला, खाली बसला. आबांनी आधी त्याचा दंड दाबून पाहिला, सावकाश, जणू आत काही बोलतंय ते ऐकावं तसा. मग नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला आणि आपले दोन्ही हात त्यावर तसेच राहू दिले.

"दम तुनामा कव्हाना शे, पोऱ्या," आबा म्हणाले. "माले दिसे. मीच बोलनू नही."